हेरल्डची पाठराखीण

“मुलीकडचे कोण, ते आधी ठरवा,” पद्मावतीकाकू म्हणाल्या, “त्याशिवाय मी पोहे आणायची नाही.”

बैठक जयसिंगपुरात चालली होती, निवृत्त जिल्हा न्यायाधीश जिनेंद्र चौगुले यांच्या दिवाणखान्यात. एका कोचावर चौगुलेसाहेब आणि त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकू. समोरच्या कोचावर माझे सासरे अप्पा हुपरीकर आणि सासूबाई माई. मध्ये टीपॉय, टीपॉयवर अडकित्ता, आणि बाजूच्या स्टुलावर मध्यस्थ म्हणून मी. रस्त्यावरून कोणी डोकावलं असतं तर त्याला हे लग्नाचं बोलणं वाटलं असतं, आणि त्याचं फारसं चुकलंही नसतं. एवढंच की वधू आणि वर दोघंही स्टँडर्ड हेरल्ड मोटारी होत्या, दोघांची वयं उलटून गेली होती, आणि दोघांपैकी एकालाही स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं.

अप्पा पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या घरासमोर उसाची ट्रॉली थांबली आणि तिच्यातून हेरल्डची बॉडी उतरली. बॉडी अप्रतिम होती. दारं, काचा, सीटा, डिक्कीचं कुलूप, सगळं मूळचं. फक्त खालचा सांगाडा, म्हणजे चासी नव्हती, आणि तिच्यावरचं इंजिन आणि स्टिअरिंगही नव्हतं. आधीच्या बागायतदार मालकाने इंजिन काढून नदीवर पंपाला जोडलं होतं, आणि एका पुरात कृष्णामाईने पंपासकट नेलं होतं. चौगुलेसाहेबांचं नेमकं उलट. त्यांचं इंजिन घड्याळासारखं चालायचं, पांढऱ्या चादरीखाली चासी तुपात घोळवल्यासारखी लखलखायची. पण बॉडी त्यांनी शिरोळच्या मळ्यात ठेवली होती. तिच्यात आधी पुराचा गाळ बसला, मग कोंबड्या बसल्या, आणि आता ती बॉडी आहे हे ज्याला आधी सांगितलंय त्यालाच ओळखू यायची.

म्हणजे दोघांत मिळून बरोबर एक मोटार होती. हे दोघांनाही पहिल्या भेटीतच कळलं होतं. त्यानंतरची कित्येक वर्षं दोघं एकमेकांकडे दिवाळीला फराळ घेऊन जात आणि “आपलं ते सामान काढायचा विचार आहे का?” असं सहज विचारत. कोणीच काढत नव्हतं. “तब्येत काय म्हणतेय?” हा प्रश्न ते एकमेकांना इतक्या आस्थेने विचारत, की ऐकणाऱ्याला जरा भीतीच वाटावी.

मग एके दिवशी मी अप्पांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. गाडी चालवू शकाल, डॉक्टर म्हणाले, पण दिवसा, हळू, ओळखीच्या रस्त्यावर, आणि शेजारी कुणीतरी चांगल्या नजरेचं बसवून. पुढच्या वर्षी काय ते पुढच्या वर्षी बघू.

“हे घरी बोलायचं नाही,” जिना उतरताना अप्पा मला म्हणाले. जिना ते हात धरून उतरले, पण कठड्याचा, माझा नव्हे. “आणि शेजारी राखणदार बसवून मी गाडी चालवणार नाही. शेजारी माणसाची बायको बसते.”

दोन दिवस ते शेडमधल्या बॉडीत, जिथे स्टिअरिंग असायला हवं तिथे हात धरून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “श्रीनिवासराव, जयसिंगपूरला फोन लावा. विकत घ्यायचं जमत नाही, विकायचं जमत नाही, तर सोयरीकच करू. मला ती गाडी एकदा स्वतःच्या हाताने अंकलीच्या पुलावरून न्यायचीय.”

तर, पोहे अडले होते.

“आम्ही मिरजेहून इथवर आलो,” अप्पा म्हणाले. “बघायला येतात ते मुलाकडचे. सरळ आहे.”

“बघायला आलात होय, पण काय बघायला?” काकू म्हणाल्या. “आमचं इंजिनच की! म्हणजे इंजिन मुलगी झालं.”

“इंजिन मुलगी कसं होईल? इंजिन ओढतं. बॉडी नुसती वर बसते.”

“आमच्या घरात उलटं आहे,” काकू म्हणाल्या.

चौगुलेसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग घसा साफ केला. त्यांनी घसा साफ केला की खोलीतली माणसं आपोआप हात खाली घेऊन बसत. “मोटारीची ओळख कायद्याने चासी नंबरवर ठरते,” ते म्हणाले. “चासी माझी आहे. जोडणीनंतर गाडी कायद्याने चौगुल्यांची म्हणून ओळखली जाईल. म्हणजे हुपरीकरांची बॉडी आपलं नाव सोडून आमचं नाव लावणार. जी नाव सोडते ती मुलगी. पोहे आणा.”

“म्हणजे पुन्हा मुलीकडचे,” अप्पा पुटपुटले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याला कारण होतं. माझ्या लग्नात मठ्ठा पुरेसा गार नाही म्हणून माझे मामा पंगतीतून उठून टांग्यात जाऊन बसले होते, आणि अप्पा घोड्याशेजारी हात जोडून उभे राहिले होते. एकुलती एक मुलगी. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी आपण टांग्यात बसावं आणि दुसऱ्याने घोड्याशेजारी उभं राहावं, ही हौस राहून गेली होती. ती हेरल्डने भागेल असं त्यांना वाटलं होतं.

पोहे आले. चौगुले जैन, त्यामुळे कांदा नव्हता. जिथे नवरा-नवरीच्या जागी चासी आणि बॉडी होती, तिथे कांद्याचं काय घेऊन बसायचं. मी दोनदा घेतले.

“आता राहण्याचं,” अप्पा सरसावून म्हणाले. मुलीकडचे ठरल्यावर त्यांना एक वेगळाच जोर चढला होता. “आमची मुलगी सासरी नांदायला येणार नाही. मिरजेला माझी शेड आहे, खाली उतरून काम करायला खड्डा आहे, हत्यारं आहेत. तुमच्या गॅरेजात झोपाळा टांगलाय. गाडी मिरजेलाच राहील.”

मला वाटलं, इथे फिसकटलं. मी ताटली खाली ठेवली.

“चालेल,” चौगुलेसाहेब म्हणाले.

इतक्या पटकन, की अप्पाच गोंधळले. पुढची सगळी भांडणं त्यांनी मिरजेहून तयार करून आणली होती, ती तशीच हातात राहिली.

“चालेल काय?” काकू उसळल्या. “म्हणजे आमची चासी घरजावई?”

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा अप्पांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. भाडेकरू म्हणून. भाडं अप्पा घेत नसत, एवढीच त्यात गोम होती.

“घरजावई वाईट नसतात हो,” माई म्हणाल्या. “पंखा बिघडला की कामाला येतात.”

“बरं, राहू दे तिकडं,” काकूंनी पदर खोचला. “पण मग माझी एक अट आहे. जोडणी झाली की गाडी पहिल्यांदा आमच्या दारात आली पाहिजे. उंबऱ्याशी ओवाळीन मी. गल्लीतल्या समद्या बायकांना बोलावणार. आणि पहिल्यांदा चालवत साहेबच आणतील. पस्तीस वर्षं सरकारी गाडीत मागं बसलेत. एकदा पुढं बसलेले बघू देत लोकांना.”

चौगुलेसाहेब ताटलीतला शेंगदाणा बोटाने इकडून तिकडे करत राहिले.

अप्पांच्या तोंडातला घास तसाच राहिला. पहिली फेरी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तेच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. समोरच्या भिंतीकडे पाहत होते, आणि नाही म्हटलं तर इंजिन पुन्हा पांढऱ्या चादरीखाली जाईल आणि पुढचं वर्ष उजाडेल, हा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता.

“मान्य,” ते म्हणाले.

“तुम्ही बसा की शेजारी!” काकू एकदम मऊ झाल्या. “मुलगी पहिल्यांदा सासरी येते तेव्हा माहेरचं कोणीतरी मोठं सोबत असतंच. पाठराखीण म्हणून या.”

“पाठराखीण?” अप्पा म्हणाले. “मी?”

“लुगडं नेसायला नको,” माई म्हणाल्या. “टोपी चालेल.”

जोडणी सगळा हिवाळा चालली. हेरल्डची बॉडी चासीवर बोल्टांनी बसते, त्यामुळे काम अशक्य नव्हतं, नुसतं अवघड होतं. दोघं ते आणखी अवघड करत होते. चौगुलेसाहेब दर रविवारी एसटीने मिरजेला येत. एसटीनेच का, हे आम्ही कोणी कधी विचारलं नाही. साधं राहणीमान, असं आम्ही म्हणत असू. प्रत्येक बोल्टची ते उलटतपासणी घेत. हा मूळचा कशावरून? मग याचे आटे उजव्या बाजूला झिजलेत त्याचं काय? अप्पा खड्ड्यातून ओरडत, “साहेब, तो बोल्ट आहे, आरोपी नाही!” रबराच्या पट्ट्या मऊ करायला माईंच्या परातीत गरम पाण्यात पडलेल्या असत. कार्बुरेटर दोन महिने देवघरात होता, कारण घरातली धूळ नसलेली जागा तेवढीच. माई त्यालाही रोज हळदकुंकू वाहत. म्हणत, “नाहीतरी सगळ्यांत जास्त नवस त्याच्यासाठीच चाललेत.”

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली. इंजिन सुरू झालं की चौगुलेसाहेब डोळे मिटायचे. एखाद्या बैठकीच्या गाण्यात बसावं तसे. मग बोट वर करायचे. “तिसऱ्या सिलिंडरचा आवाज बारीक आहे.” अप्पा तपासायचे आणि तो बारीक निघायचा. आणि अप्पांना आवाजाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते सीटवर बसून क्लच दाबून सोडत राहायचे, गिअर टाकून काढत राहायचे. एक जण गाणं ऐकत होता आणि दुसरा तबल्याच्या वाद्या ओढत होता.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली. साईच्या रंगाची, दोन दारांची, खाली सूर्य उतरल्यासारखे क्रोमचे डोळे. माईंनी पूजा केली, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या, मांडीवर दुसरा नारळ घेऊन. हा विहीणबाईंसाठी. अप्पा टोपी घालून डाव्या दाराशी उभे राहिले, पाठराखीण म्हणून. चेहरा असा, की खरोखरच मुलगी सासरी निघालीय.

चौगुलेसाहेब उजवीकडे बसले. त्यांनी आरसा नीट केला. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. त्यांनी डोळे मिटले. आम्ही थांबलो. ते ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. मग किल्ली बंद करून खाली उतरले आणि म्हणाले, “हुपरीकर, जरा बॉनेट उघडा. आवाज आला.”

“मला नाही आला.”

“उघडा.”

हेरल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाक असतं. चाकांवरच्या पत्र्यासकट सगळं तोंड पुढे कलतं, मगरीने आ करावा तसं. टेकू अजून बसवायचा राहिला होता, म्हणून मी समोर उभा राहून ते धरून ठेवलं. चौगुलेसाहेब एका चाकाशी, अप्पा दुसऱ्या चाकाशी, दोघांची डोकी इंजिनावर वाकलेली. अंगणातल्या लोकांना दोघांचे पाय तेवढे दिसत होते. अंतरपाट धरलेल्या भटजीसारखा मी मध्ये, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

“कसला आवाज?” अप्पा म्हणाले.

“आवाज नाही.” साहेबांचा आवाज बारीक झाला होता. तिसऱ्या सिलिंडरसारखा. “मला गाडी चालवता येत नाही.”

अप्पांनी वाकूनच मान त्यांच्याकडे वळवली.

“आयुष्यभर ड्रायव्हर होता. शिकायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर शिकावं म्हटलं तर लाज वाटली. मी लोकांची लायसन्सं रद्द केलीत, हुपरीकर.”

“मग एवढी वर्षं इंजिन कशासाठी घासत बसलात?”

“ऐकायला. वकिलीच्या सुरुवातीला सीनिअर वकिलांची हेरल्ड होती. मी मागे बसायचो, मांडीवर फायली. कराडच्या कोर्टाला जाईपर्यंत नुसतं इंजिन ऐकत जायचो. तेवढंच हवं होतं. हिला वाटलं, मला चालवायचीय. ती सगळ्या गल्लीला सांगून बसली. आता तिथे पन्नास बायका ताटं घेऊन उभ्या असतील.”

आता अप्पा हसणार, मी मनात म्हटलं. कित्येक वर्षांची टांग्यात बसायची हौस समोर वाढून आली होती.

अप्पांनी टोपी काढली आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवली.

“मला काचबिंदू आहे,” ते म्हणाले. “कडेचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले चालवा, पण शेजारी चांगल्या नजरेचा माणूस पाहिजे. अजून घरात सांगितलेलं नाही.”

“उजवी कड की डावी?”

“साहेब, उलटतपासणी नको.”

“नाही, मी शेजारी बसणार असेन तर मला माहिती पाहिजे.”

अप्पांनी मान वर केली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. अंतरपाट दूर होतो तेव्हा वधूवर पाहतात तसं, असं मी म्हणणार नाही, पण माझे हात दुखत होते आणि बॉनेट खाली घ्यावं की नाही ते मला कळेना.

“म्हणजे पाठराखीण मी,” चौगुलेसाहेब म्हणाले.

“तुम्ही मुलाकडचे.”

“हुपरीकर, या घटकेला मी कोणत्याही पक्षाचा व्हायला तयार आहे.”

अप्पांनी टोपी उचलली आणि बॉनेट बंद झालं. अप्पा उजव्या दाराकडे वळले, तेवढ्यात मागच्या सीटवरून माई म्हणाल्या, “अहो, चष्मा पुसून घ्या आधी.”

अप्पा दचकले. “तुला ऐकू आलं?”

“बॉनेट पत्र्याचं आहे, भिंत नाही. आणि मला दिवाळीपासून माहीत आहे. तुळशीचं पाणी रोज तुळशीच्या शेजारी पडतं. ती बिचारी वाकून पिते.”

अप्पांनी चष्मा पुसला. चाकांखाली लिंबं फुटली आणि गाडी निघाली.

तो प्रवास मी मागच्या सीटवर, माई आणि त्यांच्या मांडीवरचा नारळ यांच्या शेजारी बसून केला. अप्पा सरळ समोर पाहत, दोन्ही हातांनी चाक धरून, सायकलवाल्यांनी मागे टाकावं अशा वेगाने चालवत होते. चौगुलेसाहेब शेजारी बसून निकाल वाचल्यासारखे सांगत होते. “उजवीकडून ट्रॅक्टर. डावीकडे म्हैस, एकटी. म्हैस विचार करतेय. म्हशीने विचार बदलला. चला.” अंकलीचा पूल आला तेव्हा अप्पांनी हॉर्न वाजवला. पुलावर पुढे-मागे कोणी नव्हतं. नदीसाठी वाजवला असावा, तिच्या पोटात त्यांचं इंजिन होतं.

पूल ओलांडून उदगावच्या पुढे एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली.

“साहेब, इकडे या. आता तुम्ही बसा.”

“इथे?”

“सरळ रस्ता आहे, रिकामा आहे. पहिला गिअर, क्लच सोडायचा. एवढं आलं की गल्लीत गाडी जाईल. काकूंच्या दारात तुम्हीच नेणार. मी शब्द दिलाय.”

“माझ्याकडे लायसन नाही. हा गुन्हा आहे. कलम तीन.” साहेब घाबरले होते. “शिक्षा एकशे एक्याऐंशीखाली.”

“मग क्लच सोडता सोडता स्वतःला सुनवा.”

जयसिंगपूरच्या गल्ल्या काटकोनात आखलेल्या आहेत. फूटपट्टी ठेवून आखल्यासारख्या. याचा त्या दिवशी इतका उपयोग होईल असं आखणाऱ्याला वाटलं नसेल. चौगुलेसाहेब पहिल्या गिअरमध्ये गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि गाडी माणसाच्या चालीने आत शिरली. फाटकाशी बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. मध्ये पद्मावतीकाकू, जरीच्या लुगड्यात, निरांजन पेटवून. साहेबांची मान ताठ, नजर समोर, ओठ घट्ट. बघणाऱ्याला वाटावं, काय रुबाब आहे.

“आता थांबवा,” अप्पा हळूच म्हणाले.

“कसं?”

“ब्रेक आणि क्लच.”

“दोन्ही?”

एवढ्यात फाटक मागे गेलं. काकूंनी ओवाळायला ताट वर केलं, तोवर तिथे गाडीचा धूर होता. गल्लीच्या टोकाला अप्पांनी डावीकडून हात घालून चाक वळवलं. गाडी डावीकडे गेली, मग परत डावीकडे, परत डावीकडे, आणि गावाला चौकोनी फेरा घालून आम्ही पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आलो.

“आता गोंधळ करू नका. आधी क्लच,” अप्पा म्हणाले.

“कळलं.”

फाटक पुन्हा मागे गेलं. पण या वेळी बायकांना अंदाज आला होता. त्यांनी तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. कोणीतरी बँडवाल्याला बोलवा म्हणालं. माईंनी खिडकीतून हात हलवला, शांतपणे, निवडून आलेल्या उमेदवारासारखा.

तिसऱ्या फेरीला चौगुलेसाहेबांनी डोळे मिटले. मी किंचाळणार होतो. पण त्यांनी इंजिनाकडे कान लावला, आवाज कुठे उतरतो ते ऐकलं, आणि बरोबर त्या क्षणी दोन्ही पाय दाबले. गाडी एक आचका देऊन फाटकासमोर, रांगोळीच्या मधोमध उभी राहिली आणि बंद पडली.

काकू ताट घेऊन पुढे आल्या. डोळ्यांत पाणी होतं. “बघितलंसा?” त्या शेजारणींना म्हणाल्या. “नुसती आणून लावली नाही दारात. आधी समद्या गावाला दाखवली.”

मग त्यांनी गाडीला ओवाळलं, साहेबांना ओवाळलं, आणि अप्पांकडे वळून विचारलं, “पाठराखीणबाई, काही त्रास नाही ना झाला?”

“नाही,” अप्पा म्हणाले. “मुलगी चांगल्या घरात पडली.”

त्या दिवशीच्या जेवणात मठ्ठा होता. अप्पांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि गार नाही म्हणून तक्रार केली. चौगुलेसाहेब लगेच उठून हात जोडून उभे राहिले. माझ्याकडे पाहून अप्पा जितके हसले, तितके ते माझ्या लग्नानंतर प्रथमच हसले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. साहेबांनी रीतसर लर्निंग लायसन काढलं. साईच्या रंगावर स्वतः अप्पांनी लाल एल रंगवला, मूळ रंग खराब होईल म्हणून एक शब्द न काढता. वर्षभर दर रविवारी अप्पा त्यांना शिकवत होते. माणूस इतक्या घाईने का शिकवतोय, हे साहेबांनी कधी विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. पक्कं लायसन आलं त्या सुमाराला अप्पांनी गाडी चालवणं सोडलं. पुढे कडेचं गेलं, मग मधलंही बरंचसं गेलं. गाडी राहिली मिरजेतच, घरजावई. साहेब एसटीने येत, अप्पांना हात धरून डाव्या सीटवर बसवत, आणि दोघं पुलापर्यंत जाऊन येत. मी जावई असल्यामुळे मागे.

साहेबांना विचारलं होतं मी एकदा, लायसन मिळून इतके दिवस झाले, तो एल का पुसत नाही? ते म्हणाले, “शिकवणारा शेजारी बसलेला असताना पुसणं बरं दिसत नाही.”

एका रविवारचं आठवतं. अप्पा काळा चष्मा लावून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. अंकली यायच्या थोडं आधी त्यांनी एकदम बोट वर केलं.

“पूल आला. थर्डला टाका.”

साहेबांनी समोर पाहिलं. वळणापलीकडे पूल होता, अजून दिसत नव्हता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“रस्त्याचा आवाज बदलला. आणि तिसरा सिलिंडर बारीक झालाय, घरी गेल्यावर बघा.”

साहेबांनी थर्ड टाकला. पूल आला. हॉर्न त्यांनी वाजवला, अप्पा वाजवत तसाच, नदीसाठी.

“हुपरीकर,” ते म्हणाले, “आता कळलं ना, मी गाडी कशासाठी घेतली होती?”

अप्पा थोडा वेळ ऐकत राहिले.

“मग आधी सांगायचं नाही का?” ते म्हणाले. “उगाच आयुष्यभर चालवत बसलो.”